फुल फ्रेम म्हणजे प्रमोशन नव्हे!

दिवाळी जवळ आली, बोनसची कुजबुज सुरू झाली की हिंजवडीपासून खराडीपर्यंत सगळ्या कॅंटीनमधे ठराविक चर्चा ऐकू यायला लागतात. कुणाला गाडी बदलायची असते, कुणाला फोन. आणि शनिवारी पहाटे साडेचारला उठून भिगवणला पळणारी जी एक जमात आहे (अस्मादिक त्यातलेच), तिला कॅमेरा अपग्रेड करायचा असतो. मग ताटातली भाजी गार होईपर्यंत मेगापिक्सेल, फ्रेम्स पर सेकंद असलं काय काय चालतं आणि शेवटी कुणीतरी टेबलवर हात आपटून म्हणतं, "ते काही नाही, आता फुल फ्रेमवर जायचंच!"

यातलं "जायचंच" बघा. आपल्या धंद्यात कसं, ट्रेनी, मग सॉफ्टवेअर इंजिनियर, मग सीनियर, मग लीड. दोन वर्षं एका पायरीवर बसलात की घरचेसुद्धा विचारायला लागतात, "अरे, प्रमोशनचं काय झालं?" तीच शिडी आपण कॅमेऱ्यालाही लावून टाकली आहे. आधी मोबाईल, मग किट लेन्सवाला क्रॉप सेन्सर, मग फुल फ्रेम. चार वर्षं क्रॉपवरच असलेला माणूस म्हणजे अप्रेजलमधे मागे राहिलेला माणूस!

माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. पुण्यात राहून, नोकरी सांभाळून, पक्षी-प्राणी आणि सह्याद्री अशा दोन्हींचे फोटो काढणाऱ्या माणसाने बॉडी सगळ्यात शेवटी बदलावी. आधी लेन्स, तिच्या जोडीला बरा ट्रायपॉड, मग फिरण्याचा खर्च, आणि हे सगळं होऊन काही उरलं तर बॉडी. हे "पैसे वाचवा हो" छापाचं प्रवचन नाही. हौसेला मोल नसतं हे मलाही मान्य आहे. पण हौसेचे पैसे जिथे फोटोत दिसतील तिथे खर्च करावेत, एवढंच.

आता मुळातली अडचण अशी की "वाइल्डलाइफ आणि लँडस्केप" हे आपण एका दमात म्हणून टाकतो, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने हे दोघं सख्खे वैरी आहेत. पक्षी लांब असतो, लहान असतो आणि एका जागी बसत नाही. त्याला लांब पल्ल्याची लेन्स हवी, १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर हवं आणि चपळ ऑटोफोकस हवा. कोकणकडा मात्र कुठेही पळून जात नाही. त्याला रुंद लेन्स हवी, सावली आणि ढग दोन्ही सांभाळणारा सेन्सर हवा आणि हलणार नाही असा आधार हवा. दोन्हीकडे अव्वल असलेली बॉडी मिळते, नाही असं नाही. निकॉनची झेड ८ (२०२३) घ्या, कॅननची आर ५ घराण्यातली घ्या. पण त्या किमतीत बॉडी घेऊन झाल्यावर लेन्ससाठी खिशात काय उरतं ते ज्याने त्याने बघावं.

पुणेकरांचं नशीब चांगलं की इथे हे दोन छंद वर्षभरात आपोआप वाटले जातात. जून ते सप्टेंबर सह्याद्री. राजगड, हरिश्चंद्रगड, ढग, धबधबे, म्हणजे रुंद लेन्स. सप्टेंबर-ऑक्टोबरात कास. (२०१२ साली पश्चिम घाट युनेस्कोच्या वारसा यादीत गेला, त्यात कासही आहे. तेव्हापासून फुलांपेक्षा माणसं जास्त असं वाटावं इतकी गर्दी, ते सोडा.) नोव्हेंबर ते मार्च उजनीच्या पाणलोटात, म्हणजे भिगवण-कुंभारगावला रोहित, चित्रबलाक, पट्टकादंब. त्याआधी किंवा मधे कधीतरी लोणीकडच्या कवडी पाटावर एखादी सकाळ, सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आणि माळावरचे पक्षी. उन्हाळ्यात ज्याला रजा आणि पैसे दोन्ही मिळतील तो ताडोब्याला. म्हणजे एकाच सहलीत दोन्ही कामं करायची वेळ फार क्वचित येते. बॉडी एकच राहू दे, ऋतूप्रमाणे लेन्स बदलली की झालं.

कुठली लेन्स, हे ठरवायला रिव्ह्यू बघायची गरज नाही. उत्तर आपल्याच हार्डडिस्कमधे पडलेलं असतं. प्रत्येक फोटोच्या फाईलमधे फोकल लेंथ, शटर, आयएसओ सगळं लिहिलेलं असतं. एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते गेल्या दोन वर्षांच्या फोल्डरवर चालवायचं, सीएसव्ही काढायची आणि एक्सेलमधे पिव्होट टेबल. दिवसभर क्लायंटसाठी जे करतो तेच अर्धा तास स्वतःसाठी करायचं. मी केलं. पक्ष्यांचे जवळजवळ सगळे फोटो लेन्सच्या शेवटच्या टोकाला, ३०० वर. डोंगरांचे बहुतेक १८ ते २४ च्या मधे. मधल्या पट्ट्यात घरची लग्नं आणि भाचीचे वाढदिवस. याचा अर्थ सरळ आहे. पक्ष्यांसाठी मी दर वेळी भिंतीला जाऊन धडकतो आहे, आणि ती भिंत लेन्सची आहे, बॉडीची नाही.

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीचंच आहे. सेन्सरवर पडणाऱ्या चित्राचा आकार म्हणजे वस्तूचा आकार गुणिले फोकल लेंथ भागिले अंतर. आपला नेहमीचा खंड्या साधारण २८ सेंटिमीटरचा. तो २० मीटरवर तारेवर बसला आहे आणि तुमच्याकडे ३०० मिमीची लेन्स आहे. सेन्सरवर त्याची लांबी भरते ४.२ मिलिमीटर. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप बॉडीवर (निकॉन-सोनीच्या मापाची धरू) तेवढ्या जागेत सुमारे १०७० पिक्सेल बसतात. आता त्याच लेन्सने तुम्ही २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर "गेलात". चित्र तेवढंच, ४.२ मिलिमीटर, पण पिक्सेल मोठे झाल्यामुळे आता खंड्याच्या वाट्याला सुमारे ७०० आले. आणखी खर्च करून ४५ मेगापिक्सेलची फुल फ्रेम घेतलीत तर सुमारे ९६५. म्हणजे एवढे पैसे ओतून खंड्या होता त्याहून लहान झाला! आणि जुनीच क्रॉप बॉडी ठेवून ६०० ची लेन्स लावलीत तर? २१४० च्या आसपास. थेट दुप्पट.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा की फुल फ्रेमला नॉइज कमी येतो. येतो ना, पण तो फायदा सगळी फ्रेम भरली तर. मोठा सेन्सर एकूण प्रकाश जास्त गोळा करतो. पण तुम्ही खंड्याभोवतीचं रिकामं आकाश कापून टाकलंत की तो जास्तीचा प्रकाशही त्या आकाशाबरोबर कचऱ्यात जातो. खंड्यावर पडलेला प्रकाश लेन्सने ठरवलेला असतो, आणि लेन्स तीच आहे. माझ्या एका मित्राने अशीच उडी मारली. जुनी ३०० ची लेन्स, नवी कोरी फुल फ्रेम. पहिल्या भिगवण ट्रिपनंतर बिचारा विचारत होता, "पक्षी या वर्षी लांब बसतात का रे?"

मग बॉडीला काहीच अर्थ नाही का? तसं अजिबात नाही. एक गोष्ट गेल्या काही वर्षांत खरोखर बदलली आहे, ती म्हणजे ऑटोफोकस. आताच्या मिररलेस बॉड्या पक्ष्याचा डोळा शोधतात आणि तो उडाला तरी धरून ठेवतात. पाण्यावर सूर मारणारी सुरय किंवा बदकांवर झेपावणारा बहिरी ससाणा टिपायचा तर जुन्या डीएसएलआरवर हाताला वर्षानुवर्षांची सवय लागायची, आता ते काम बरंचसं कॅमेरा करतो. तुमचे उडत्या पक्ष्यांचेच फोटो फसत असतील, आणि फसण्याचं कारण फोकस असेल, तर बॉडी बदला, बिनधास्त बदला. पण त्यासाठीसुद्धा फुल फ्रेम लागत नाही. कॅनन आर ७ (२०२२), सोनी ए ६७०० (२०२३), निकॉन झेड ५० टू (२०२४) या तिन्ही क्रॉप आहेत आणि तिघींनाही पक्षी ओळखता येतो. फक्त सेकंदाला पंधरा-वीस फोटो निघतात म्हणून बटण दाबून धरू नका. रविवारी रात्री दोन हजार फोटोंतून बारा निवडत बसलात की सोमवारच्या स्टॅंडअपला काय अवस्था होते ते सांगायला नको :)

जुन्या लेन्स असतील तर एक गोष्ट नक्की तपासा. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरने मिररलेसवर छान चालतात. निकॉनच्या अडॅप्टरवर मात्र ज्या जुन्या लेन्सना स्वतःची मोटर नाही त्यांचा ऑटोफोकस चालत नाही. दुसरीकडे, लोक धडाधड मिररलेसवर जात असल्यामुळे डीएसएलआरचं सामान सेकंडहॅंड बाजारात चांगल्या भावात मिळतं. निकॉन डी ५०० (२०१६) आणि २००-५०० ही जोडी आजही भिगवणला कुठल्याही होडीत ताठ मानेने बसू शकते.

लेन्स घेताना वजनाचाही हिशोब करा. सोनीची २००-६००, निकॉनची १८०-६००, सिग्मा-टॅमरॉनच्या १५०-६००, सगळ्या दोन किलोच्या आसपास. होडीत किंवा जिप्सीत बसून ठीक आहे. पण तीच पाठीवर टाकून भीमाशंकरच्या जंगलात शेकरू शोधत चार तास फिरायचं असेल तर कॅननची १००-४०० (एफ ५.६ ते ८ वाली, २०२१ ची) ६३५ ग्रॅमची आहे हे लक्षात ठेवा. प्रकाश कमी मिळतो, पण सोबत येते. घरी कपाटात राहिलेली लेन्स कितीही शार्प असली तरी फोटो काढत नाही.

आता डोंगरांकडे वळू. इथे फुल फ्रेमचा फायदा खरा आहे, कारण लँडस्केपमधे आपण सगळी फ्रेम वापरतो. पण तो फायदा किती? क्षेत्रफळाच्या हिशोबाने साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाशाच्या किंचित वर. आणि ट्रायपॉडचा? हातात धरून १/३० सेकंदाला काढत होतात तो फोटो ट्रायपॉडवर एका सेकंदाला काढलात की पाच स्टॉप. म्हणजे तीस पट प्रकाश! शिवाय ढगांसाठी एक, दरीसाठी एक असे दोन-तीन एक्स्पोजर काढून घरी जोडता येतात. सूर्योदयाआधी राजगडच्या बालेकिल्ल्यावर ज्याच्याकडे क्रॉप आणि ट्रायपॉड आहे तो, फुल फ्रेम हातात धरून थंडीने थरथरणाऱ्या माणसाच्या पुढे असतो. आणि खरं सांगायचं तर भर दुपारच्या उन्हातल्या गडाच्या फोटोला आजकालचा बरा मोबाईलही पुरतो.

पावसाळ्यात फिरणाऱ्यांनी अजून एक खर्च आधी करावा, हवाबंद डबा आणि सिलिका जेल, किंवा जमलं तर ड्राय कॅबिनेट. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही. दीड लाखाची लेन्स आणि तिला दीडशे रुपयांचा डबा नाही, हे आपल्याकडे सर्रास दिसतं.

उपकरणापेक्षा डोकं आणि चिकाटी मोठी, हे वाक्य ऐकून ऐकून गुळगुळीत झालं आहे, म्हणून नुसतं वाक्य न टाकता उदाहरण देतो. मुंबईच्या नयन खानोलकर यांना २०१६ साली लंडनच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागाचं पहिलं पारितोषिक मिळालं. फोटो आरे कॉलनीतल्या गल्लीतून रात्री जाणाऱ्या बिबट्याचा. कॅमेरा कुठला? निकॉन डी ७०००, म्हणजे २०१० साली आलेली मधल्या फळीतली क्रॉप बॉडी. लेन्स १८-१०५, तीही रुंद टोकाजवळ, २१ मिमीवर. सोबत फ्लॅश आणि बिबट्या समोरून गेला की शटर दाबणारा सेन्सर. आणि हे सगळं लावून चार महिने वाट बघणं. तोच कॅमेरा आणि तीच लेन्स तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांच्या कपाटात असेल. आपल्याकडे नव्हती ती गल्लीची आणि तिथल्या बिबट्याची माहिती. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

ती माहिती विकत मिळत नाही, पण मिळवता येते. आपल्या पुण्याचे किरण पुरंदरे नागझिऱ्याच्या जंगलात चारशे दिवस राहिले आणि त्यावर त्यांनी 'सखा नागझिरा' लिहिलं. नवीन बॉडीच्या मॅन्युअलआधी हे पुस्तक वाचावं असा माझा आगाऊ सल्ला. आणि एकच जागा वारंवार बघा. कवडी पाटावर दहा सकाळी घालवल्या की कुठला पक्षी कुठल्या दगडावर किती वाजता येतो ते कळायला लागतं, आणि मग आपण त्याच्या मागे धावत नाही, तोच आपल्यासमोर येतो.

एक अपग्रेड तर आपल्याच धंद्यातल्या लोकांनी करून ठेवला आहे. नॉइज काढणारी एआय सॉफ्टवेअर. लाइटरूममधे हे २०२३ च्या एप्रिलमधे आलं. फक्त रॉ मधे फोटो काढलेला हवा. आयएसओ ३२०० चा दाणेदार फोटो त्यातून काढा आणि मग ठरवा बॉडी खरंच म्हातारी झाली आहे का.

पैशांचं सांगायचं तर ईएमआय किती, हा प्रश्नच विचारू नका. एका दिवसाला किती, ते विचारा. समजा लेन्स दीड लाखाची. वर्षाला बारा दिवस वापरणार, पाच वर्षं. झाले साठ दिवस, दिवसाला अडीच हजार. (नंतर विकून काही परत येईल ते वेगळं.) वर्षाला चारच दिवस जमणार असतील तर दिवसाला साडेसात हजार. मग भाड्याने आणलेली काय वाईट? पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. घ्यायची ठरवलेली लेन्स आधी एका वीकएंडला भाड्याने नेऊन भिगवणच्या होडीत वापरून बघावी. दोन किलो हातात धरून तीन तास बसल्यावर निम्मे निर्णय आपोआप होतात.

आता जे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते. लांब लेन्सने आपण नक्की काय विकत घेतो? मोठा पक्षी? माझ्या मते आपण अंतर विकत घेतो. भिगवणच्या होड्या तिथल्या कोळी बांधवांच्या. पक्षी किती जवळ गेल्यावर उडतात हे त्यांना आपल्यापेक्षा शंभर पटीने चांगलं कळतं. पण आपली लेन्स २५० ची, गाडीचं पेट्रोल जाळून शंभर किलोमीटर आलेलो, मग सुरू होतं, "दादा, अजून थोडं जवळ घ्या ना." दादा बिचारे घेतात, गिऱ्हाईक नाराज करून कसं चालेल? रोहितांचा अख्खा थवा उठतो, सगळे जण उडत्या थव्याचे फोटो काढतात, वा वा होते. पोट भरायला हजारो मैल उडून आलेल्या पट्टकादंबालाही त्या सकाळी असंच पाच होड्यांनी पाच वेळा उठवलेलं असतं. ६०० ची लेन्स असेल तर ते "अजून थोडं जवळ" म्हणायची गरज तरी उरत नाही.

पण हेही खरं की नुसती लेन्स लांब असून भागत नाही. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना पर्यटकांच्या गाड्यांनी त्यांची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालकांवर कारवाई झाली. पण त्या गाड्यांत मागे बसून "पुढे घ्या, पुढे घ्या" म्हणणारे आपल्यासारखेच सुट्टीवर आलेले लोक असणार ना? सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फांदीवर बोलावणारे, घरट्यासमोरच्या फांद्या छाटणारे, त्यांच्यातल्या कित्येकांकडे उत्तम कॅमेरे असतात. अनेक स्पर्धा आता घरट्यावरचे फोटो स्वीकारत नाहीत ते काही उगाच नाही. तेव्हा लेन्स घेताना मनाशी एक अंतरही ठरवून घ्यावं. पक्ष्याने खाणं थांबवून मान वर करून आपल्याकडे बघितलं की आपण जास्त जवळ आलो, एवढा नियम पुरतो. मिळाला फोटो तर मिळाला.

असो, बरंच लांबलं. थोडक्यात सांगायचं तर एक्झिफ बघा. फोटो लांबीला कमी पडत असतील तर लेन्स घ्या, हलत असतील किंवा अंधारात जात असतील तर ट्रायपॉड, आणि उडता पक्षी फोकसमधून निसटत असेल तरच बॉडी. यातलं काहीच नसेल आणि तरीही नवीन बॉडी हवीच असेल तर जरूर घ्या, पैसे तुमचे आहेत. फक्त तिला अपग्रेड म्हणू नका, हौस म्हणा. हौस म्हणण्यात लाज कसली?

माझ्यापुरतं ठरलं आहे. बॉडी तीच, पाच वर्षांची क्रॉप. या दिवाळीत लांब लेन्स, तीही आधी एक वीकएंड भाड्याने वापरून. उरलेल्या पैशांत मे महिन्यातला ताडोबा, दोन सफारी जास्तीच्या. मॅनेजरला रजेचं अजून सांगितलेलं नाही, ते तेवढं आधी बघतो.